सिंथेटिक ऑइल बदलून इंजिनचा आवाज खरंच कमी होतो का, आणि ते स्वतः कसं तपासायचं

ऑइल बदलून आणलं की पहिले दोन-चार दिवस प्रत्येकाला आपली गाडी शांत वाटते. मलापण वाटायची. मग आठ-दहा दिवसांनी तीच टकटक परत कानावर यायला लागते आणि आपण म्हणतो हा ब्रँड काही खरा नाही, पुढच्या वेळी दुसरा टाकू. असं करत करत मी एका टकटकीपायी तीन वेगवेगळी फुल्ली सिंथेटिक ऑइलं घालून बघितली, तिन्ही चांगली होती, आणि शेवटी निघालं काय तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा एक बोल्ट ढिला, तिथून गॅस सुटत होता आणि तो आवाज हुबेहूब टॅपेटसारखा (व्हॉल्व्ह दाबून उघडणारा तुकडा) येतो. ऑइलचा त्यात काडीचा संबंध नव्हता.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी आवाज ओळखायचा, मग लेव्हल बघायची, मग ग्रेड, आणि ब्रँड सगळ्यात शेवटी. त्याच क्रमाने सांगतो.

आवाज कुणाचा आहे?

कधी येतो आणि कुठून येतो, एवढ्या दोन प्रश्नांत बरंच काम होतं.

स्टार्ट केल्या केल्या एक-दोन सेकंद खर्रर्र होऊन गप्प होणारा आवाज बहुतेक वेळा टायमिंग चेनचा असतो, नाहीतर व्हीव्हीटीच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडायची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेच्या, फेझर नावाच्या भागाचा. बऱ्याच इंजिनांत चेनचा टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) ऑइलच्या प्रेशरवर चालतो, रात्रभर गाडी उभी राहिली की तिथलं ऑइल खाली उतरतं आणि प्रेशर येईपर्यंत चेन सैल राहून फडफडते. लोक इथे लगेच ऑइल बदलतात, पण आधी फिल्टर बघा. फिल्टरच्या आत रबराची एक चकती असते, अँटी-ड्रेनबॅक व्हॉल्व्ह, तिचं काम एवढंच की इंजिन बंद असताना ऑइल मागे उतरू द्यायचं नाही. ही चकती नायट्राइल रबराची असेल तर उष्णतेने हळूहळू कडक होते आणि नीट सील करत नाही, सिलिकॉनची असेल तर जास्त दिवस मऊ राहते. फिल्टर आडवा किंवा उलटा बसवलेल्या इंजिनात हा फरक चांगलाच कळतो. माझ्या ओळखीत एकाची सकाळची खरखर नुसता फिल्टर बदलून गेली, ऑइल तेच होतं.

इंजिन थंड असताना ढबढब आणि गरम झाल्यावर गायब, हा पिस्टन स्लॅप. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो, गरम झाला की फुगतो आणि सिलिंडरमधली फट कमी होते म्हणून आवाज जातो. थोडं दाट ऑइल असेल तर फटीतला थर जरा गादीसारखं काम करतो पण फार नाही.

वरच्या बाजूने शिवणयंत्रासारखी एकसारखी टिकटिक येत असेल तर व्हॉल्व्हकडे संशय जातो, आणि इथे तुमच्या इंजिनात कुठले टॅपेट आहेत हे माहीत पाहिजे म्हणजे पाहिजेच. हायड्रॉलिक असतील तर त्यांच्या पोटात ऑइल अडकवलेलं असतं आणि त्या ऑइलच्या जोरावर फट शून्य राहते. त्या ऑइलमध्ये हवेचे बुडबुडे गेले तर हवा दबते, ऑइल दबत नाही, मग टॅपेट आपटायला लागतो. ऑइल फार पातळ झालं तर ते आतून लवकर गळून जातं आणि गरम इंजिनात आयडलिंगला टिकटिक वाढते. आणि तिसरं, आत घाण बसली तर टॅपेटमधला प्लंजर (आतबाहेर सरकणारा दट्ट्या) अडकतो, तरी टिकटिकच. म्हणजे आवाज एक आणि कारणं तीन, आणि तिन्हीत ऑइलचा हात आहे. पण टॅपेट मेकॅनिकल असतील, शिम (ठरावीक जाडीची चकती) किंवा स्क्रूवाले, तर फट धातूमध्ये ठरलेली आहे, ती फीलर गेजनेच (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) सेट करायची, जगातलं कुठलंच ऑइल ती फट कमी करणार नाही. आणि उलट बाजू लक्षात ठेवा, व्हॉल्व्हची फट गरजेपेक्षा कमी झाली तर इंजिन मस्त शांत होतं, पण व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, सीटला उष्णता देऊ शकत नाही आणि जळतो. मेकॅनिकल टॅपेटचं इंजिन अगदीच मुकं झालं तर मी खूश होत नाही, आधी फट तपासतो.

डायरेक्ट इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत बॉनेट उघडून जी खटखट ऐकू येते ती बरीचशी इंजेक्टर आणि हाय प्रेशर पंपाची असते, ती ऑइलने जाणार नाही. डिझेलचा ठोका हा तर जळण्याचाच आवाज आहे. एक्झॉस्ट लीकची टकटक थंड असताना जास्त असते आणि धातू गरम होऊन फुगला की कमी होते, म्हणून ती फसवते, वाटतं की ऑइल पोहोचलं आणि टॅपेट शांत झाला (मी ह्यातच फसलो).

खोल, जड ठोका, ॲक्सिलरेटर दिला की वाढणारा आणि इंजिन गरम झाल्यावरही जास्तच स्पष्ट होणारा, हा बेअरिंगचा असू शकतो. तिथे ऑइलचे प्रयोग करू नका, गाडी चालवूच नका, आधी ऑइल प्रेशर गेज लावून मोजून घ्या. दाट ऑइल टाकून असा ठोका काही दिवस दबतो हे खरं आहे, आणि गाडी विकताना तसं करतातही, पण बेअरिंग आत खातच असतं.

जागा शोधायला लांब स्क्रूड्रायव्हर घ्या, टोक इंजिनच्या धातूवर टेकवा आणि मूठ कानामागच्या हाडाला लावा, बेल्ट आणि फॅनपासून लांब राहा, सैल बाही नको. मेकॅनिकचा स्टेथोस्कोप मिळाला तर अजून बरं. अजून एक युक्ती आहे जी मला फार आवडते, मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून चौपट स्लो करून ऐका. कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) अर्ध्या वेगाने फिरतो, म्हणजे ९०० आरपीएमच्या आयडलिंगला एक व्हॉल्व्ह सेकंदाला साडेसात वेळा उघडतो, चौपट स्लो केलं की सेकंदाला जवळपास दोन ठोके, आरामात मोजता येतात. सेकंदाला जवळपास चार ठोके मोजले, म्हणजे मूळ वेगात पंधरा, तर तो क्रँकच्या वेगाने फिरणाऱ्या कशाचा तरी आवाज आहे. नुसत्या मोजणीवर निकाल देऊ नका, कारण पिस्टनवर जळण्याचा दणकासुद्धा दोन फेऱ्यांत एकदाच बसतो, पण आयडलर (बेल्टची पुली), अल्टरनेटर असल्या बाहेरच्या गोष्टी ह्यात पटकन वेगळ्या पडतात.

लेव्हल आणि ऑइलचं वय

हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी करत नाही. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटं थांबून, डिपस्टिक पुसून परत घालून बघायची. ऑइल कमी असेल तर वळणावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर पंप हवा खेचतो. पण जास्त असलं तरी तोच त्रास होतो, कारण क्रँक ऑइलमध्ये बुडून रवीसारखी घुसळत बसते, फेस होतो, तो फेस हायड्रॉलिक टॅपेटमध्ये जातो आणि टिकटिक सुरू. सर्व्हिसनंतर आवाज वाढला म्हणून नवीन ऑइलला शिव्या देणाऱ्यांनी आधी मॅक्सच्या खुणेच्या वर किती भरलंय ते बघावं. असा अर्धा लिटर काढून टाकल्यावर गप्प झालेली इंजिनं मी बघितली आहेत.

वयाचं म्हणाल तर जुनं ऑइल दोन्ही बाजूंना जाऊ शकतं. छोट्या छोट्या फेऱ्या, इंजिन कधी पूर्ण गरमच होत नाही, अशा गाडीत पेट्रोल ऑइलमध्ये मिसळून ते पातळ होतं, डिपस्टिकला वास घेतला तर कळतं. उलट फार तापलेलं, फार दिवस चाललेलं ऑइल ऑक्सिडाइझ होऊन दाट होतं. त्यामुळे "जुनं काढून नवीन टाकलं आणि आवाज गेला" ह्यात नवीन ब्रँडचं कौतुक किती आणि नुसतं ताजं, योग्य लेव्हलचं ऑइल असण्याचं किती, हे वेगळं काढल्याशिवाय कळत नाही. माझ्या मते तो फरक बहुतेक वेळा ताजेपणाचा असतो. काळा रंग बघून मात्र ठरवू नका, डिझेलमध्ये ऑइल काही दिवसांतच काळं होतं, डिटर्जंट काम करतंय एवढाच त्याचा अर्थ.

ग्रेड, म्हणजे खरा खेळ

आवाजावर ऑइलच्या ज्या गोष्टीचा सगळ्यात जास्त परिणाम होतो ती म्हणजे घट्टपणा, व्हिस्कॉसिटी, आणि तीपण त्या क्षणी इंजिनात जे तापमान आहे त्या तापमानाची. सिंथेटिक की मिनरल हा प्रश्न त्याच्या नंतर येतो.

५डब्ल्यू-३० मधला डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा. एसएई जे३०० ह्या स्टँडर्डप्रमाणे ०डब्ल्यू ऑइलची क्रँकिंग टेस्ट उणे ३५ अंशाला होते, ५डब्ल्यूची उणे ३० ला, १०डब्ल्यूची उणे २५ ला, १५डब्ल्यूची उणे २० ला. म्हणजे बाहेर कडाक्याची थंडी असेल तर ह्या आकड्याने स्टार्टिंगच्या आवाजात जमीन-अस्मानाचा फरक पडतो, ऑइल वर पोहोचायला किती वेळ लागतो ते ह्याच्यावर आहे. बाहेर उबदार हवा असेल तर ०डब्ल्यू-४० आणि ५डब्ल्यू-४० मध्ये कानाला फरक कळणं अवघड आहे, आणि गरम झाल्यावर तर दोन्ही एकाच ४० च्या पट्ट्यात येतात.

दुसरा आकडा गरम इंजिनाचा, १०० अंशाला मोजलेला. २० ग्रेड म्हणजे ६.९ ते ९.३ सेंटीस्टोक (घट्टपणाचं माप, आकडा जास्त तितकं ऑइल दाट), ३० म्हणजे ९.३ ते १२.५, ४० म्हणजे १२.५ ते १६.३, आणि ५० म्हणजे १६.३ ते २१.९. आता गंमत बघा. एका कंपनीचं ५डब्ल्यू-३० हे ९.८ ला असू शकतं आणि दुसऱ्या कंपनीचं १२.२ ला, डब्यावर दोघांच्या ५डब्ल्यू-३० च लिहिलेलं. दुसरं जवळपास पाव हिश्शाने दाट झालं. मग माणूस म्हणतो "ह्या ब्रँडचं ऑइल सायलेंट आहे", तर तो ब्रँड सायलेंट नाहीये, ते ऑइल फक्त ३० च्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला आहे. म्हणून डबा घेण्याआधी कंपनीच्या साइटवरून त्या ऑइलची टेक्निकल डेटा शीट काढा, त्यात १०० अंशाचा आणि ४० अंशाचा आकडा दिलेला असतो. दोन मिनिटांचं काम आहे आणि तासभर रिव्ह्यू वाचण्यापेक्षा जास्त कळतं.

४० अंशाचा आकडा स्टार्टिंगनंतरच्या पहिल्या काही मिनिटांसाठी बघायचा. साधारण ०डब्ल्यू-२० हे ४० अंशाला पंचेचाळीसच्या आसपास सेंटीस्टोक, ५डब्ल्यू-३० साठ-सत्तर, ५डब्ल्यू-४० ऐंशी-नव्वद, आणि २०डब्ल्यू-५० दीडशेच्या पुढे. तेच २०डब्ल्यू-५० गरम झाल्यावर अठराच्या आसपास येतं. म्हणजे थंड असताना ते आवाज "दाबतं" तेव्हा ते सगळीकडे पोहोचायलाही तेवढाच उशीर करतं. मी एका जुन्या गाडीत हा प्रयोग केला होता, मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० होतं आणि मी २०डब्ल्यू-५० टाकलं. गरम आयडलिंगची टिकटिक खरंच कमी झाली, पण स्टार्टिंगची चेनची खरखर एक सेकंदाची तीन-चार सेकंदांची झाली, पिकअप जड झाला, आणि महिन्याभरात मीच ते काढून टाकलं. एक आवाज घालवला आणि दुसरा, जास्त वाईट, विकत घेतला.

तिसरा आकडा डब्यावर नसतो पण डेटा शीटमध्ये असतो, एचटीएचएस. १५० अंशाला आणि जबरदस्त घासाघाशीत ऑइल किती घट्ट राहतं हे तो सांगतो, म्हणजे बेअरिंग आणि कॅमच्या मध्ये चिरडलं जातं तिथली अवस्था. २० ग्रेडला कमीत कमी २.६ लागतो, ३० ला २.९, आणि ०डब्ल्यू, ५डब्ल्यू, १०डब्ल्यू वाल्या ४० ग्रेडला ३.५. आता ३० ग्रेडमध्येच दोन जाती आहेत. एसीईए सी३ (युरोपातल्या गाडी कंपन्यांचं ऑइलचं स्टँडर्ड) मार्कवालं ५डब्ल्यू-३० हे ३.५ किंवा त्याच्या वर असावंच लागतं, आणि इंधन वाचवायला बनवलेलं साधं ५डब्ल्यू-३० तीनच्या जरासं वर असलं तरी चालतं. गरम इंजिनात, हायवेवर दोन तास चालवून मग सिग्नलला उभं राहिल्यावर जी टिकटिक येते, ती ह्या दोघांत बदलताना मला स्वतःला जाणवली आहे. ग्रेड न बदलता थोडं दाट ऑइल हवं असेल तर हा सरळ मार्ग आहे, अर्थात तुमच्या मॅन्युअलमध्ये ते स्पेसिफिकेशन चालत असेल तरच.

मॅन्युअलमध्ये बऱ्याच वेळा एकापेक्षा जास्त ग्रेड दिलेल्या असतात, बाहेरच्या तापमानाच्या तक्त्यासकट. त्या यादीच्या आत खेळा. यादीत फक्त ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० असेल तर बेअरिंगच्या फटी, ऑइल पंप, व्हीव्हीटीचे सोलेनॉइड सगळं त्या पातळ ऑइलच्या हिशोबाने बनवलंय, तिथे ५० ग्रेड ओतून शांतता मिळवायचा हट्ट नको.

सिंथेटिक म्हणजे नक्की काय, आणि त्याने आवाजाला काय होतं

"फुल्ली सिंथेटिक" ह्या शब्दावर फार जाऊ नका. बेस ऑइलचे पाच ग्रुप असतात. तिसरा ग्रुप म्हणजे कच्च्या तेलापासूनच, पण हायड्रोजनखाली जोरदार प्रोसेस केलेलं, चौथा म्हणजे पीएओ, पूर्ण कारखान्यात रेणू जोडून केलेलं, आणि पाचव्यात एस्टर वगैरे उरलेलं सगळं. पूर्वी सिंथेटिक म्हटलं की पीएओ किंवा एस्टर असंच धरायचे. मग कॅस्ट्रॉलने तिसऱ्या ग्रुपच्या ऑइलला सिंथेटिक म्हणायला सुरुवात केली, मोबिलने तक्रार केली, आणि १९९९ मध्ये अमेरिकेतल्या जाहिरातींच्या वादांचा निवाडा करणाऱ्या संस्थेने निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूने दिला. तेव्हापासून बहुतेक बाजारांत तिसरा ग्रुपही फुल्ली सिंथेटिक म्हणूनच विकला जातो. जर्मनीत मात्र पूर्ण सिंथेटिक ह्या शब्दाच्या बाबतीत अजून कडक आहेत. नैसर्गिक वायूपासून बनवलेलं जीटीएल नावाचं एक बेस ऑइल आहे, शेल ते कतारमध्ये बनवते, तेही तिसऱ्या ग्रुपच्या वरच्या टोकालाच धरतात.

आवाजाच्या दृष्टीने ह्याचा अर्थ काय? पीएओचा मोठा फायदा थंडीत, ते कमी तापमानालाही वाहतं राहतं, म्हणून कडक थंडीत स्टार्टिंगची खरखर लवकर थांबते. तापमानाबरोबर त्याचा घट्टपणा कमी बदलतो, त्यामुळे थंड आणि गरम आवाजातला फरक जरा कमी होतो. हवाही ते लवकर सोडतं, हायड्रॉलिक टॅपेटसाठी ही चांगली गोष्ट. पण एक गोष्ट जाहिरातीत नसते, प्रचंड दाबाखाली, म्हणजे कॅम आणि टॅपेट जिथे एकमेकांना चिकटून जातात तिथे, मिनरल ऑइल पीएओपेक्षा जास्त घट्ट होतं. म्हणून कधीकधी जुन्या इंजिनात मिनरलवरून त्याच ग्रेडच्या सिंथेटिकवर गेलं की टिकटिक थोडी जास्त स्पष्ट ऐकू येते. त्याने इंजिन खराब होतंय असं नाही, घासण्यापासून वाचवायचं काम ॲडिटिव्ह, म्हणजे ऑइलमध्ये मिसळलेली रसायनं, करतात.

एस्टरबद्दल लोक फार भरभरून बोलतात. एस्टरचा रेणू ध्रुवीय असतो, धातूला चिकटून राहतो, म्हणून रात्रभर उभ्या गाडीत पातळ थर टिकतो असं म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. पण त्याच धातूच्या पृष्ठभागावर झिंकवालं अँटी-वेअर (झीज रोखणारं) ॲडिटिव्हही बसायला येतं, आणि एस्टर त्याच्याशी जागेसाठी भांडतं, म्हणून जास्त एस्टर म्हणजे जास्त चांगलं असं सरळ गणित नाही. कंपन्या ते मोजूनमापून घालतात. शिवाय पीएओने रबरी सील किंचित आकसतात आणि एस्टरने फुगतात, म्हणून दोन्ही मिसळतात, हे एस्टर घालायचं खूप साधं कारण आहे.

मॉलिब्डेनमवाले फ्रिक्शन मॉडिफायर धातूला धातू घासतो तिथे गुळगुळीतपणा आणतात. आवाजाची धार, तो किरकिर असलेला वरचा सूर, ह्याने थोडा मऊ होतो असा माझा अनुभव, पण ठोका जात नाही. वेगळी बाटली घेऊन ऑइलमध्ये ओतायची मात्र गरज नाही, चांगल्या ऑइलमध्ये ॲडिटिव्हचं पॅकेज आधीच ठरवलेलं असतं आणि वरून काही ओतलं की ते बिघडतं.

एक जागा अशी आहे जिथे ऑइलच्या केमिस्ट्रीने आवाज खरोखर बदलतो, छोटी टर्बो डायरेक्ट इंजेक्शन पेट्रोल इंजिनं. कमी आरपीएमला जोरात ॲक्सिलरेटर दाबल्यावर एकदम हातोडा मारल्यासारखा दणका येतो, स्पार्क पडायच्या आधीच मिश्रण पेटतं, त्याला एलएसपीआय म्हणतात. जास्त कॅल्शियमचे डिटर्जंट त्याला मदत करतात असं दिसलं, म्हणून काही कॅल्शियमच्या जागी मॅग्नेशियम आलं, आणि २०१८ मध्ये एपीआय ह्या अमेरिकन संस्थेचं एसएन प्लस हे ऑइलचं स्टँडर्ड, मग २०२० मध्ये एपीआय एसपी आलं, त्यात ह्याची टेस्ट आहे, एसपीमध्ये टायमिंग चेन झिजण्याचीही आहे. असं इंजिन असेल तर एसपी किंवा त्याच्यापुढचं ऑइलच घ्या. हा दणका पिस्टन फोडू शकतो.

आता तुलना कशी करायची

कानावर विसंबू नका, कान खोटं बोलतो, विशेषतः खिशातून पैसे गेलेले असताना. कान आवाजात साधारण दहा डेसिबलची घट झाली की "निम्मा झाला" म्हणतो, तीन डेसिबल म्हणजे आवाजाची ताकद निम्मी, पण कानाला ते "जरासं कमी" वाटतं, आणि एका डेसिबलचा फरक शांत खोलीत लक्ष देऊनच कळतो. दोन चांगल्या, एकाच ग्रेडच्या, ताज्या ऑइलमध्ये माझ्या गाडीत मला जो फरक दिसला तो दीड डेसिबलच्या आतला होता, आणि तेवढा तर मोबाइल थोडा तिरका धरल्यानेही पडतो.

मोबाइल चालेल, पण एक अट, त्याच्या मायक्रोफोनचा ऑटो गेन आणि नॉइज सप्रेशन बंद करता येईल असं ॲप घ्या. साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यात आवाज मोठा झाला की फोन स्वतःच तो खाली आणतो, मग दोन क्लिप सारख्याच वाटतात. आकडा खरा डेसिबल दाखवतो की नाही ह्याची काळजी नको, आपल्याला फरक बघायचाय, त्यासाठी तोच फोन आणि तेच ॲप पुरे.

फोन दर वेळी त्याच जागी. मी बॉनेटच्या आत एका ब्रॅकेटपाशी टेपने खूण केली आहे, फोन बेल्टच्या बाजूला नाही, फॅनच्या झोतात नाही. एसी बंद, हेडलाइट बंद, रेडिएटरचा फॅन चालू असेल तर थांबून राहायचं. गाडी भिंतीजवळ उभी करत असाल तर दर वेळी त्याच भिंतीपासून तेवढ्याच अंतरावर, कारण आवाज परत फिरून येतो.

तीन रेकॉर्डिंग करायची. पहिलं रात्रभर उभ्या गाडीचं, स्टार्टच्या आधीपासून सुरू करून तीस सेकंद. दुसरं पूर्ण गरम झाल्यावर आयडलिंगचं, आणि इथे सगळे घोळ घालतात, टेंपरेचरचा काटा मध्यावर आला म्हणजे ऑइल गरम झालं नाही, कूलंट आधी गरम होतो आणि ऑइल मागाहून, म्हणून काटा मध्यावर आल्यावरही अजून दहा-पंधरा मिनिटं चालवून मग घ्या. तिसरं २००० आरपीएमला धरून. प्रत्येक रेकॉर्डिंग तीनदा घ्या, आणि तिन्हींत आपापसातच किती फरक पडतो ते लिहून ठेवा. दोन ऑइलमधला फरक त्याच्यापेक्षा लहान असेल तर फरक नाही असं समजायचं, मग डब्यावर काहीही छापलेलं असो.

पहिलं रेकॉर्डिंग जुनं ऑइल काढायच्या आदल्या दिवशी. मग नवीन ऑइल आणि नवीन फिल्टर, आणि लगेच रेकॉर्ड करू नका, शंभरेक किलोमीटर चालवा, टॅपेटमधली हवा निघून जाऊ दे. मग दुसरं. आता जुनं आणि नवीन ह्यात जो फरक दिसेल तो ताजेपणाचा आणि ब्रँडचा मिळून आहे. ब्रँडचा वेगळा काढायचा असेल तर पुढच्या सर्व्हिसला दुसरं ऑइल, आणि त्याच्या पुढच्याला परत पहिलं, प्रत्येकाचं ताजं रेकॉर्डिंग एकमेकांशी लावायचं. दोनदा तोच निकाल आला तर मानायचं. हो, ह्याला वर्ष-दोन वर्षं लागतात, त्याला शॉर्टकट नाही. आणि पावसाळी गार सकाळचं रेकॉर्डिंग भर उन्हाळ्यातल्या सकाळशी लावू नका, बाहेरचं तापमान फाइलच्या नावातच लिहा.

ऐकताना स्वतःला फसवायचं नसेल तर क्लिपची नावं दुसऱ्या कुणाला तरी बदलून द्यायला सांगा आणि मग सांगा कुठली शांत. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा महागडं ऑइल म्हणून मी मोठ्या आत्मविश्वासाने जी क्लिप उचलली ती जुन्या, काढून टाकलेल्या ऑइलची निघाली. घरातले अजून हसतात.

बाइकवाल्यांसाठी थोडं वेगळं

बहुतेक बाइकमध्ये एकच ऑइल इंजिन, गिअरबॉक्स आणि ओला क्लच तिघांना सांभाळतं. कारचं फ्रिक्शन मॉडिफायरवालं ऑइल टाकलं तर क्लच स्लिप होऊ शकतो, म्हणून जासो (जपानी स्टँडर्ड) एमए किंवा एमए२ मार्क बघा, एमबी नाही (ते बहुतेक कोरड्या क्लचच्या स्कूटरसाठी असतं). आणि गिअरचे दात ऑइल गरम असतानाही दाट ठेवणाऱ्या पॉलिमरच्या लांब साखळ्या अक्षरशः कापून टाकतात, त्यामुळे ऑइल ४० म्हणून आत जातं आणि काही हजार किलोमीटरनंतर ३० सारखं वागायला लागतं. गिअर टाकताना खट्ट आवाज येणं, न्यूट्रल सापडायला त्रास, गरम इंजिनात वरून टिकटिक, हे सगळं एकदमच सुरू होतं. चांगल्या सिंथेटिकचा बाइकमध्ये खरा फायदा मला इथे दिसतो, बेसच मजबूत असल्यामुळे पॉलिमर कमी घालावा लागतो आणि कापायलाही कमीच असतो. पहिल्या दिवशी सेमी सिंथेटिक आणि फुल्ली सिंथेटिक मला सारखेच वाटतात, फरक दोन-तीन हजार किलोमीटरनंतर उघडा पडतो. एअर कूल्ड इंजिनाभोवती पाण्याचं जॅकेट नसतं, आवाज थेट बाहेर येतो, त्याची तुलना लिक्विड कूल्डशी करून निराश होऊ नका.

म्हणूनच मी आता एक चौथं रेकॉर्डिंगही करतो, कारचं असो वा बाइकचं, ऑइलचं आयुष्य अर्धं झालं की, आणि मग बदलायच्या आदल्या दिवशी परत. आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळपास सपाट राहिला तर ते ऑइल ठेवायचं, दुसरं शोधायला जायचं नाही. शेवटच्या हजारभर किलोमीटरमध्ये फक्त गरम आयडलिंगचा आवाज चढला तर ऑइल पातळ झालंय, एकतर लवकर बदला नाहीतर मॅन्युअलच्या यादीतच जास्त एचटीएचएसवालं घ्या. फक्त थंड स्टार्ट बिघडत गेला तर फिल्टर आणि टेन्शनर. आणि सगळीकडे सारखाच वाढत गेला, ताजं ऑइल घालूनही खाली आला नाही, तर ऑइलचं दुकान सोडा आणि फीलर गेज काढा.